निबंध मोजू नका, वाचन मोजा

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात कुणालाही फोन लावला की ‘कसे आहात’च्या आधी प्रश्न यायचा, ‘स्कोअर किती आला?’ स्कोअर म्हणजे छातीच्या एचआरसीटी या बारकाईच्या सीटी स्कॅनवरचा आकडा, पंचवीसपैकी. सात-आठ आला तर घरचे हुश्श करायचे. सोळा-सतरा आला की घरातला धडधाकट माणूस रेमडेसिव्हिरसाठी मेडिकलसमोर रांगेत उभा राहायचा, दुसरा बेडसाठी फोन फिरवायचा, आणि पलीकडून बेडबद्दल बोलण्याआधी पुन्हा स्कोअरच विचारला जायचा. तपासणीची मागणी इतकी होती की सप्टेंबर २०२० मध्येच राज्य सरकारला एचआरसीटीचे दर मशीननुसार दोन ते तीन हजारांवर बांधून द्यावे लागले होते.

हा पंचवीसचा हिशेब आला कुठून? फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सार्सच्या वेळच्या पद्धतीवर बेतलेलं हे गुणांकन २०२० च्या सुरुवातीला वुहानच्या एका गटाने वापरलं आणि ‘रेडिओलॉजी’ या नामांकित नियतकालिकात छापलं. अभ्यासातले रुग्ण होते २१. सगळे बरे झालेले. श्वासाचा गंभीर त्रास असलेले रुग्ण मुद्दाम वगळलेले होते, कारण लेखकांना एवढंच पाहायचं होतं की बऱ्या होणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसातले बदल कितव्या दिवसापर्यंत वाढतात आणि कधी ओसरू लागतात. त्या प्रश्नापुरता अभ्यास चांगलाच होता. ‘हा माणूस वाचेल का’, ‘याला आयसीयू लागेल का’ हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मृत्यू न झालेल्या २१ जणांवरून ते सांगताही आलं नसतं. पुढे इटलीतून आणि इतर ठिकाणांहून स्कोअर आणि मृत्यू यांचा संबंध तपासणारे अभ्यास आले, पण धोक्याची रेषा प्रत्येकाची वेगळी. आपल्याकडे तर काही सेंटर पंचवीसपैकी गुण देत होती आणि काही चाळीसपैकी. नातेवाइकांच्या डोक्यात राहायचं ते फक्त ‘पंधरा’.

त्याच नियतकालिकात फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानच्याच १,०१४ रुग्णांचा अभ्यास आला होता. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह असलेल्या ६०१ जणांपैकी ५८० जणांच्या सीटीत बदल सापडले, म्हणजे ९७ टक्के. हा ९७ जगभर फिरला आणि सीटी ही स्वॅबपेक्षा भारी तपासणी आहे असा त्याचा अर्थ लावला गेला. गोषवाऱ्यात त्याच्या शेजारीच दुसरा आकडा होता : २५ टक्के. आरटीपीसीआर निगेटिव्ह आलेल्या ४१३ जणांपैकी ३०८ जणांच्या सीटीतही बदल होते; सीटी स्वच्छ आली ती उरलेल्या २५ टक्क्यांचीच. त्यांतल्या बऱ्याच जणांना खरोखर कोविड असेल आणि स्वॅबने तो हुकवला असेल. लेखकांचा रोखही तोच होता. पण साथ ऐन भरात असलेल्या शहरातल्या एका हॉस्पिटलातला हिशेब उचलून, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या महिन्यातल्या सर्दीतापाला लावायचा असेल तर २५ कडे बघितल्याशिवाय कसं चालेल? ९७ लक्षात राहिला, २५ कुणाला आठवत नाही.

आणि चाळून ठेवलेला सल्ला उपलब्ध नव्हता असंही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने मार्च २०२० मध्येच सांगून टाकलं होतं की कोविडच्या निदानाची पहिली तपासणी म्हणून किंवा सरसकट चाळणी म्हणून सीटी वापरू नका. ते वाक्य आपल्या गल्लीबोळातल्या स्कॅन सेंटरपर्यंत पोचलं नाही. स्कोअर पोचला.

माझं म्हणणं सरळ आहे. वैद्यकीय प्रतिमाशास्त्रात शोधनिबंध छापणाऱ्याला बढती मिळते, मान मिळतो, परिषदेत व्यासपीठ मिळतं. छापलेलं तपासून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. हे गणित बदलत नाही तोवर ‘अपडेट राहा’, ‘जास्त वाचा’, ‘आता एआय सारांश काढून देतं ना’ हे सगळे सल्ले म्हणजे बोलाचीच कढी.

फार छापलं जातं ही तक्रार काही आजची नाही. रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले, डिसेंबर संपता संपता त्यांनी ते जाहीर केलं, आणि १८९६ या एका वर्षात त्या विषयावर हजारावर निबंध आणि ४९ पुस्तकं निघाली. म्हणजे आमची शाखा जन्मतःच लिहिती आहे. फरक इतकाच की तेव्हाचा हौशी डॉक्टर त्यातलं महत्त्वाचं बरंचसं वाचू शकत असेल. आज पबमेड या सूचीत सगळ्या वैद्यकशास्त्राचे मिळून वर्षाला दहा लाखांहून जास्त निबंधांची भर पडते. २०१० साली कुणी तरी हिशेब मांडला होता, रोज ७५ क्लिनिकल ट्रायल आणि ११ पद्धतशीर आढावे छापले जातात असा. तो आकडा आज वाचला की तो काळ निवांत वाटतो. रेडिओलॉजीतल्या एआयवर २००७-०८ च्या सुमारास वर्षाला शंभर-दीडशे निबंध येत, २०१६-१७ पर्यंत ते सातशे-आठशे झाले. आणि ती तर सुरुवात होती.

दुसऱ्या बाजूला वाचणारा कोण आहे? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने स्वतःच्याच १९९९ ते २०१० या वर्षांच्या सीटी आणि एमआरआयचा हिशेब काढला, तेव्हा लक्षात आलं की आठ तासांच्या ड्यूटीत काम उरकायचं तर रेडिओलॉजिस्टला दर तीन-चार सेकंदांना एक प्रतिमा पाहावी लागते. ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, तीही चांगलं मनुष्यबळ असलेल्या संस्थेतली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकच माणूस सकाळी सोनोग्राफी करतो, दुपारी सीटी रिपोर्ट करतो, रात्री घरून टेलिरिपोर्टिंग करतो, आणि मधल्या वेळात गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचे फॉर्म एफ भरतो. फॉर्ममधला एक रकाना चुकला तर कायद्याचा बडगा आहे. निबंध वाचायचा राहिला तर कुणी विचारत नाही. अशा माणसाला ‘वाचन वाढवा’ म्हणणं ही थट्टा आहे.

यावरचा ठरलेला उपाय म्हणजे आढावे. कुणीतरी शंभर निबंध वाचावेत आणि बाकीच्यांना एक सांगावा. कल्पना उत्तमच होती, पण आता आढाव्यांचंच पीक आलं आहे. १९९१ ते २०१४ या काळात पबमेडमधले एकूण निबंध दीडशे टक्क्यांनी वाढले. पद्धतशीर आढावे आणि मेटा-अॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला हिशेब) मात्र अडीच हजार टक्क्यांहून जास्त. हा हिशेब मांडणारे संशोधक जॉन आयोनिडिस यांचा अंदाज असा की त्यांतले जेमतेम तीन टक्के नीट केलेले आणि रुग्णाच्या कामाचे, दोन्ही आहेत. एकाच विषयावर पाच-सहा आढावे, सगळे त्याच वीस निबंधांवर उभे. आढावा लिहायला रुग्ण लागत नाही, मशीन लागत नाही; इंटरनेट आणि दोन उत्साही रेसिडेंट पुरतात. बढतीच्या यादीत तोही ‘पेपर’ म्हणूनच लागतो.

प्रामाणिकपणे चाळलं तर हाताला काय लागतं, याची दोन उदाहरणं सांगतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये एक आढावा आला. प्रतिमा पाहून निदान करण्यात डीप लर्निंग (एआयचा एक प्रकार) श्रेष्ठ की डॉक्टर, हा प्रश्न. शोधात ३१,५८७ नोंदी सापडल्या. निकषांत बसले ८२ अभ्यास. त्यांतही यंत्राला आणि डॉक्टरला एकाच, बाहेरच्या रुग्णसंचावर बसवून तुलना करणारे होते १४. निष्कर्ष : दोघांची कामगिरी साधारण सारखी. एकतीस हजारांतून चौदा.

दुसरं उदाहरण कोविडचंच आहे, आणि ते मला जास्त बोचतं. केंब्रिजच्या गटाने २०२० च्या जानेवारी ते ऑक्टोबरमधले, छातीचा एक्स-रे किंवा सीटी पाहून कोविड ओळखणाऱ्या एआय प्रारूपांवरचे निबंध गोळा केले. २,२१२ सापडले. पहिल्या चाळणीनंतर ४१५ उरले, दर्जाच्या चाळणीनंतर ६२. त्या ६२ पैकी प्रत्यक्ष रुग्णासाठी वापरता येण्याजोगं किती? एकही नाही. कारणं वाचली की हसावं की रडावं कळत नाही. अनेकांनी ‘कोविड नसलेले’ एक्स-रे म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणारा एक संच घेतला होता. तो होता चीनमधल्या ग्वांगझोच्या एक ते पाच वर्षांच्या मुलांचा. कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे, बिगरकोविडचे लहान मुलांचे. यंत्राने फरक अचूक ओळखला, फक्त तो फरक मूल आणि माणूस यांच्यातला होता. बरगड्यांचा आकार, हृदयाची सावली, ओटीत बसवून काढलेली प्लेट. एमडीच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही दारातून बघून ‘हे पीडियाट्रिक आहे’ म्हणेल. लेखकांच्या यादीत रेडिओलॉजिस्ट असता, किंवा असून त्याने तो संच एकदा उघडून पाहिला असता, तर यांतले काही निबंध जन्मालाच आले नसते. आणि ते निबंध तपासून ‘छापा’ म्हणणाऱ्यांनीही तो संच उघडलेला दिसत नाही.

पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी निबंध तपासणं, ही आपण चाळणी समजतो. तिची भोकं किती मोठी झाली आहेत ते २०२४ मध्ये दिसलं. ‘रेडिओलॉजी केस रिपोर्ट्स’ या एल्सेव्हियरच्या नियतकालिकात चार महिन्यांच्या बाळाच्या यकृताच्या रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेवर एक निबंध छापून आला. त्यात शेवटाकडे चक्क असं वाक्य होतं की माफ करा, मी एआय भाषा-प्रारूप असल्याने माझ्याकडे या रुग्णाची माहिती नाही. लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक, कुणाच्याही नजरेला ते पडलं नाही. नंतर निबंध काढून टाकला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले होते, त्यांतले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे.

हे का होतं, याचं उत्तर शोधायला परदेशात जायला नको. आपल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या रेडिओलॉजी विभागात जाऊन बसा. मेडिकल कौन्सिलच्या काळातच पदव्युत्तर विद्यार्थ्यावर अट आली : एक पोस्टर, एक व्यासपीठावरचं सादरीकरण, एक शोधनिबंध. शिक्षकाला सहयोगी प्राध्यापक, मग प्राध्यापक व्हायचं तर ठरावीक संख्येने निबंध, तेही ठरावीक सूचीतल्या नियतकालिकात आणि लेखकांच्या यादीत ठरावीक जागी नाव. परिणामी संभाषण असं चालतं : ‘सर, थिसिसचा पेपर टाकायचाय.’ ‘टाक की. केसेस किती झाल्या?’ ‘पन्नास.’ ‘पुरे. माझं नाव दुसरं ठेव, मॅडमचं तिसरं.’ विषय असतो गुडघ्याच्या दुखापतीत एमआरआय आणि आर्थ्रोस्कोपीची तुलना. हा विषय राज्यातल्या प्रत्येक विभागात दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी केलेला असतो आणि उत्तर दर वेळी तेच येतं. ‘टाकायचा’ हे क्रियापद आम्ही वापरतो ते उगाच नव्हे. पोस्टाच्या पेटीत टाकावा तसा निबंध टाकतात, तो कुणी उघडेल अशी अपेक्षाही नसते. विद्यार्थ्याची यात चूक नाही. नियम पाळून तो परीक्षेला बसतो आहे.

इथे कुणी म्हणेल, मग वाचायचं सोडूनच द्या. बहुतेक कचरा आहे. तसं करता येत नाही, हीच तर अडचण. २०१४ साली जपानमधल्या कांदा या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेडिओलॉजी’त एक छोटा निबंध छापला. ज्यांना सहा किंवा जास्त वेळा गॅडोलिनियम हे प्रतिमा ठळक करणारं औषध (कॉन्ट्रास्ट) टोचून एमआरआय केला होता असे १९ रुग्ण, आणि ज्यांचे तितकेच एमआरआय गॅडोलिनियमशिवाय झाले होते असे १६. पहिल्या गटात लहान मेंदूतलं डेंटेट न्यूक्लियस, कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या प्रतिमेतही पांढरं दिसत होतं. गॅडोलिनियम शरीराबाहेर पडतं असं आम्ही सगळे रुग्णांना सांगत होतो. त्यातलं थोडं मेंदूत राहत होतं. त्यातून काही अपाय होतो असं पुढेही सिद्ध झालेलं नाही, पण २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने लिनियर प्रकारच्या काही गॅडोलिनियम औषधांचा वापर थांबवला. पस्तीस रुग्णांचा निबंध, आणि जगभरातल्या एमआरआय कक्षांतली औषधाची बाटली बदलली.

वुहानचे २१ आणि जपानचे ३५, दोन्ही संख्या लहानच. मग एकाचा गैरवापर झाला आणि दुसऱ्याने सवय बदलली, असं का? कारण कांदांच्या निबंधात ज्या प्रश्नाचं उत्तर घेतलं गेलं तोच प्रश्न विचारलेला होता आणि तुलनेला गट होता. हे गोषवाऱ्यावरून समजत नाही, ‘एन बरोबर किती’, म्हणजे रुग्ण किती, यावरूनही नाही. पद्धतीचा भाग बसून वाचावा लागतो, आणि त्याला अर्धा तास लागतो.

उलट बाजूचं उदाहरण रोज आमच्या सीटीच्या दारात उभं असतं. कॉन्ट्रास्ट सीटीसाठी आलेला तरुण, मूत्रपिंडाची कसलीच तक्रार नाही, आणि तंत्रज्ञ म्हणतो, ‘क्रिएटिनिन कुठंय? करून आणा.’ रुग्ण मूत्रपिंडाच्या या रक्ततपासणीसाठी लॅबला जातो, दीड-दोन तास थांबतो, पोटात दुखत असतंच. यामागे कॉन्ट्रास्टने मूत्रपिंड बिघडतं असं सांगणारे अनेक दशकांचे असंख्य निबंध आहेत. त्यांतल्या बहुतेकांत कॉन्ट्रास्ट न दिलेल्यांचा गट नव्हता. भरती असलेल्या आजारी माणसाचं क्रिएटिनिन कॉन्ट्रास्टशिवायही वर-खाली होतं, हे कुणी मोजलंच नव्हतं. २०१३ मध्ये मेयो आणि मिशिगनच्या गटांनी सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून पाहिलं तेव्हा धोका एकाला जवळपास दिसलाच नाही, दुसऱ्याला दिसला तो मूत्रपिंडं आधीच फार खराब असलेल्यांत. २०२० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशनने एकत्र बसून सांगितलं की धोका फुगवून सांगितला गेला; काळजी घ्यायची ती मुख्यतः ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असलेल्यांची आणि मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेल्यांची. शेकडो निबंधांचा ढीग चुकीच्या बाजूला कलला होता, कारण प्रत्येकाने आधीच्याची उणीव तशीच पुढे नेली. ढीग मोठा म्हणजे पुरावा मोठा, हा समज इथे पुरता उघडा पडतो.

आता एआयच्या मदतीने वाचनाविषयी. सध्या प्रत्येक परिषदेत कुणीतरी उत्साहाने दाखवतं की पीडीएफ टाका आणि पाच ओळींत सार मिळवा. शोधायला, एकसारखे निबंध वेगळे काढायला, परभाषेतला मजकूर समजायला ही साधनं चांगली आहेत आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण सारांश हा लेखकाने जे ठळक मांडलं त्याचा होतो. वुहानच्या निबंधाचा सारांश मागितला तर ९७ पहिल्या ओळीत येईल, २५ ही कदाचित येईल. पण ‘हे तुझ्या गावाला लागू नाही’ ही ओळ येणार नाही, कारण ती निबंधात नाही. ती वाचणाऱ्याच्या डोक्यातून यावी लागते. मुलांचे एक्स-रे वापरलेल्या निबंधाचा सारांश तर बिनचूक निघेल.

विकत घेण्याच्या बाबतीत तर हे थेट पैशाचं प्रकरण होतं. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन सेंटरवर येतो, सॉफ्टवेअर दाखवतो, ‘सर, सीई मार्क आहे’ म्हणतो, म्हणजे युरोपात विकायला परवानगी आहे. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या गटाने सीई मार्क असलेली रेडिओलॉजीतली १०० एआय उत्पादनं तपासली. ६४ उत्पादनांच्या परिणामकारकतेवर परीक्षण होऊन छापलेला एकही निबंध नव्हता. कोरियातल्या एका गटाने २०१८ मधले प्रतिमा-एआयवरचे ५१६ निबंध पाहिले, तर बाहेरच्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर पडताळणी केलेले होते ३१. हजारो निबंधांच्या जगात, तुम्ही चेक फाडणार आहात त्या वस्तूवर मात्र वाचायला काही नाही.

चाळण्याचं काम जमतं तेव्हा कसं दिसतं, हेही आमच्याच शाखेत आहे. स्तनाच्या मॅमोग्राफीचा रिपोर्ट लिहिण्याचे ठरलेले वर्ग, बायरॅड्स, १९९३ पासून आहेत; पुढे प्रोस्टेट, यकृत, थायरॉइड यांच्यासाठी तसेच वर्ग आले. फुफ्फुसातल्या गाठींसाठी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या संस्थेच्या सूचना २००५ मध्ये आल्या, २०१७ मध्ये सुधारल्या. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत रुग्णाच्या सर्वाधिक उपयोगी पडलेलं लेखन हेच : शेकडो निबंध वाचून, भांडून, चार पानांत बसवलेलं. पण तेही जसंच्या तसं उचलता येत नाही. फ्लाइश्नरच्या सूचना कर्करोगाचा धोका समोर ठेवून लिहिल्या आहेत. आपल्याकडे सीटीत दिसणाऱ्या बारीक गाठींत जुन्या टीबीच्या खुणा किती असतात हे प्रत्येक रेडिओलॉजिस्टला ठाऊक आहे. स्वीडनमध्ये ८०,००० महिलांवरच्या मॅमोग्राफीच्या चाचणीत एआयच्या मदतीने वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही, हे २०२३ मध्ये छापलं गेलं. उत्तम काम. पण तिथे प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात, त्यामुळे वाचवायला काम होतं. आपल्याकडे तसा नियमित तपासणीचा कार्यक्रमच नाही, तर ४४ टक्के कशातले वाचवणार? टीबीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने हे ओळखलं. मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या एक्स-रे तपासणीत संगणकीय वाचनाला मान्यता देताना त्यांनी हेही सांगितलं की कोणत्या आकड्याच्या वर रुग्णाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, हे त्या-त्या ठिकाणी ठरवा.

म्हणजे स्थानिक चाळणी लागणारच, आणि ती कुणीतरी पगारी वेळेत करायला हवी.

जर्नल क्लब नावाचा प्रकार प्रत्येक विभागात कागदोपत्री आहे. शनिवारी सकाळी रेसिडेंट स्लाइड लावतो, गोषवारा वाचतो, पद्धतीच्या स्लाइडवर ‘हे आपण स्किप करू’ म्हणतो, शेवटी अचूकता ९६ टक्के, टाळ्या, चहा. हेच उलटं करून पाहावं. निकाल झाकून ठेवायचे. आधी विचारायचं : रुग्ण कोण होते, कोणाला वगळलं, खरं उत्तर कुणी ठरवलं, ते ठरवणाऱ्याला प्रतिमेचा रिपोर्ट माहीत होता का, आणि आपल्या ओपीडीत असे रुग्ण येतात का. वुहानचा निबंध असा वाचला असता तर २५ टक्के पंधरा मिनिटांत टेबलावर आला असता. शेवटी एक पान लिहायचं : काय विचारलं, काय सापडलं, आपण इथे काय बदलणार, किंवा काहीच का बदलणार नाही. खाली नाव आणि तारीख. हे पान राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बढतीच्या यादीत धरावं. अशी वीस पानं, बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी तपासलेली, एका निबंधाच्या बरोबरीने. इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनच्या (आयआरआयए) राज्य शाखेने ती मराठीत आणि इंग्रजीत, खुली, सर्वांसाठी ठेवावीत.

सरकारने सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं खुली करणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. दार उघडलं हे चांगलंच झालं. गेल्या पिढीत लेख मिळवण्यासाठी परदेशातल्या वर्गमित्राला मेल करावी लागायची. पण लातूर-परभणीतला खासगी रेडिओलॉजिस्ट या योजनेबाहेर आहे, आणि महाराष्ट्रात बहुसंख्य स्कॅन तोच वाचतो. आणि ज्या संस्था आत आहेत त्यांनाही आता तेरा हजार नियतकालिकं मिळाली, वाचायला एक तासही जास्त मिळाला नाही. या रकमेचा अगदी लहान हिस्सा चाळणाऱ्यांच्या वेळेवर खर्च केला असता तर बाकीची रक्कम सत्कारणी लागली असती.

यावर आक्षेप येतो तो असा : भारतातून आधीच दर्जेदार संशोधन कमी, त्यात निबंधांची सक्ती काढली तर उरलंसुरलंही थांबेल, केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत आपली कॉलेजं घसरतील. क्रमवारी निबंध मोजते हे खरं, आणि ते बदलायला दिल्लीला भांडावं लागेल. पहिला मुद्दा मात्र मी मुळीच मान्य करणार नाही. सक्तीने थांबतं ते चांगलं संशोधन, कारण चांगल्याला वेळ लागतो आणि वेळ गुडघ्याच्या पन्नास केसेसमध्ये गेलेला असतो. माझी मागणी तर उलट आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने थिसिससाठी एक प्रकार अधिकृत करावा : परदेशात छापलेल्या एखाद्या दाव्याची आपल्या रुग्णांवर पडताळणी. फ्लाइश्नरची गाठीच्या आकाराची सहा मिलिमीटरची मर्यादा आपल्या टीबीच्या मुलखात टिकते का. थायरॉइडचं गुणांकन आपल्या सोनोग्राफीवर तसंच चालतं का. ज्या एआय सॉफ्टवेअरला हॉस्पिटल पैसे मोजतं ते आपल्या पोर्टेबल एक्स-रेवर किती चुकतं. राज्यातल्या दहा कॉलेजांचे दहा विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन, एकाच पद्धतीने, तीन वर्षं केसेस गोळा करतील तर दहा निबंधांच्या जागी एक होईल आणि तो वाचावा लागेल. आज थिसिसचा असा आराखडा (सिनॉप्सिस) दिला तर ‘यात नवीन काय?’ हा शेरा येतो. हा शेरा मारणाऱ्या समितीच्या फॉर्ममधला ‘नावीन्य’ हा रकाना काढून तिथे ‘हे उत्तर कोण वापरणार?’ असा रकाना घालायला कायदा बदलावा लागत नाही, विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने ते होतं.